उकळीशिवाय

रात्री नऊलाच माठात सोडतो
मलमलीची पुरचुंडी:
दोन चमचे पत्ती,
गाठ मारलेली गवती चहाची पात,
सब्ज्याच्या झाडाची चार पानं.
शेजारच्या कुंडीत पुदिना माजलाय,
त्याला हात लावत नाही. झोंबतो.

चोपड्यात मे महिना.
कुलूप रुमालानं धरावं लागतं,
टाकीतल्या पाण्यानं दुपारी हात पोळतो.
अशातही आबांना चहा लागायचा
जीभ भाजणारा.
एस.टी. स्टँडसमोर एकेचाळीस वर्षं
तिसऱ्या उकळीला पातेलं उतरवलं त्यांनी,
शिरपूर, यावल, अमळनेरच्या गाड्या
पाटी न वाचता,
कोण किती घाईत पितो यावरून ओळखल्या.

जळगावच्या डॉक्टरांनी गालाच्या आतून
मुगाएवढा तुकडा काढला,
बाटलीत घालून नाशिकला पाठवला.
तोवर गरम नको, म्हणाले,
तिखट नको, आंबट नको.
आबा म्हणाले, म्हणजे शेवभाजी नाही, ठेचा नाही, चहा नाही.
मग मला खान्देशात ठेवलं तरी कशाला?

पहिल्या दिवशी मी मूर्खासारखं लिंबू पिळलं.
छान झालाय, म्हणाले,
आणि टोपी काढून
उगाच तिचं अस्तर बघत बसले.
डोळ्यांतलं पाणी उतरेपर्यंत.

मग टरबूज.
तापीच्या वाळूतलं, ठोकून आणलेलं,
बिया वेचून फडक्यातून पिळलं.
धुडकूच्या कारखान्यातून भुशातला बर्फ
गोणपाटात गुंडाळला, सायकलला बांधला,
पाव किलो तरी रस्त्यानंच पिऊन टाकला.
सब्जा भिजवला, तो फुगला,
एकेका दाण्याला आपापलं ढगाळ अंगण.
माठातलं पाणी तोवर
जुन्या पितळेच्या रंगावर आलेलं.

निंबाबाई भिंतीवरून डोकावली:
‘चहा कधी थंडा ऱ्हास का रे भाऊ?’
आबांनी तिचीच बाजू घेतली.
वाफ नाही, उकळी नाही.
सरबतानं चहाचं आडनाव लावलंय, म्हणाले.
पण पेला खाली ठेवला तेव्हा
तळाशी फक्त सब्ज्याचे दोन दाणे होते.

पाच दिवस असंच.
रोज नाव ठेवायचं, रोज संपवायचं.

सहाव्या दिवशी स्वयंपाकघरात
माझ्या आधी तेच.
पुरचुंडी उजेडात धरून म्हणाले,
गळा आवळलायस तिचा, पत्तीला हलायला जागा नको?
सैल बांधली.
टरबूज मागून घाल, आधी घातलंस तर रंग मरतो.
आणि सबंध गुळाचा खडा कोण टाकतं?
थंड पाण्यात किसून टाक.
मी किसणी शोधत राहिलो,
दुकान बंद झाल्यापासून एवढं सलग
ते बोलले नव्हते.

मग जुन्या खोक्यातून
काचेचे ते ठेंगणे पेले काढले,
ज्यांत दुकानात हाफ द्यायचे.
दोन हात उंचावरून धार सोडली.
एक थेंब सांडला नाही.
निंबाबाईला एक,
वीजबिल घेऊन आलेल्या पोराला एक,
त्यानं सवयीनं खिसा चाचपला
आणि आबांनी सवयीनं
हात पुढे केला, मग मागे घेतला.

नाशिकचं अजून काही आलेलं नाही.
फोन मीच माझ्याकडे ठेवतो,
वाजला की ओसरीत जाऊन घेतो.
काल गॅसवाल्याचा होता.

आबा पायरीवर बसलेत.
बाहेर डांबर मऊ पडलंय,
रस्त्यावर एक कुत्रंही नाही.
जूनला सातपुड्याची जांभळं उतरतील, म्हणतात,
जांभळाचा करून बघू,
तुरट असतो, पण तोवर चालेल मला.
त्यांनी पेला ओठांशी नेला.
काचेवरून पाणी ओघळून
मनगटापर्यंत गेलं,
आणि त्या बर्फगार चहावर
त्यांनी हलकी फुंकर घातली.